सकाळी मूठ वळते का, ते बघ

प्रिय मनू,

काल फोनवर तू म्हणालीस, "सकाळी बोटं धरतात गं, टायपिंग फार होतंय," आणि लगेच विषय बदललास. टायपिंगने हात दुखतात, नाही असं नाही. पण ते दुखणं कामाने वाढतं आणि विश्रांतीने उतरतं. तुझं उलटं आहे का? उठल्यावर जास्त आणि हात चालते झाले की कमी?

माझा ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे सांधे सुजवणारा संधिवात, सुरू झाला तेव्हा दुखण्यापेक्षा आखडणंच जास्त होतं. ब्लाऊजचे हूक लागायचे नाहीत, टूथपेस्टचं झाकण फिरायचं नाही. दुपारपर्यंत हात इतके मोकळे व्हायचे, की सकाळचं खरंच झालं होतं का अशी शंका यावी. माणूस फसतो तो इथेच. झिजलेले सांधेही सकाळी धरतात, पण बहुधा अर्ध्या तासाच्या आत सुटतात. माझ्या आजारात तासभर जातो, कधी त्याहूनही जास्त.

उद्या उठल्याउठल्या दोन्ही हात उजेडात धर आणि मूठ वळ. मुठीवरच्या उंचवट्यांमधल्या खाचा भरून आल्यात का? बोटांची मधली पेरं, मनगटं सुजलीत का? नखांजवळची पेरं या आजारात सहसा सुजत नाहीत. सूज दाबून बघ, ती हाडासारखी टणक नसते, मऊ लागते. कुणी पंजा आवळला तर कळ येते का, आणि बहुतेक वेळा असतं तसं दोन्ही हातांना आहे का, तेही बघ. पायांना विसरू नकोस. मला पलंगावरून उतरताना चवड्याखाली खडे टोचल्यासारखं व्हायचं.

शिवाय थकवा. झोप झाली तरी न जाणारा. बारीक कणकण, भूक नाही, वजन उतरतंय. आपली प्रतिकारशक्तीच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते, त्यामुळे हा आजार नुसता सांध्यांपुरता राहत नाही.

आईला आहे म्हणून मुलीला होतोच असं मुळीच नाही. शक्यता थोडी वाढते, एवढंच. पण सूज दिसली तर ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडेच, म्हणजे संधिवाताच्या डॉक्टरकडेच, जा आणि घरात हा आजार आहे हे आधी सांग. रक्ततपासणीत आरए फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणून सुटलो असं समजू नकोस. बऱ्याच रुग्णांत तो निगेटिव्हच असतो, म्हणून अँटी-सीसीपी ही दुसरी तपासणी आणि शरीरातली सूज दाखवणारे ईएसआर, सीआरपी हेही बघतात. उलट नुसता पॉझिटिव्ह आला म्हणून घाबरायचंही कारण नाही, निरोगी माणसातही तो येतो.

घाई करते आहे ती एवढ्यासाठी, की हाडांची झीज पहिल्या एकदोन वर्षांतच सुरू होऊ शकते आणि झालेली झीज भरून येत नाही. मेथोट्रेक्सेटसारखी औषधं पहिल्या काही महिन्यांत मिळाली तर आजार पुष्कळ आटोक्यात राहतो. वेदनाशामक गोळ्यांनी दुखणं दबतं, पण सांध्याचं नुकसान थांबत नाही. त्या रोज घेऊन दिवस ढकलू नकोस. आणि सिगारेटच्या धुरात बसणं बंद कर. धूम्रपानाने या आजाराचा धोका वाढतो हे पक्कं आहे.

अपॉइंटमेंट दुपारची मिळाली तर तोवर सूज थोडी ओसरलेली असू शकते. म्हणून सकाळीच हातांचे फोटो काढून ठेव, आणि बोटं किती वाजता मोकळी झाली ते रोज लिही. फोटो मलाही पाठव.

तुझी,
आई