गुडघाभर पाणी

चि. मनूस,

अनेक आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की रविवारी मी फोन आपटला. टेबलावर आपटला, तुझ्यावर नव्हे. पण आई म्हणते, एकच आहे. ती म्हणाली, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहा. तिथे माझा अंगठा एकाऐवजी दोन अक्षरं दाबतो, आणि तू काय, दोन निळ्या खुणा करून मोकळी होशील. म्हणून कागद घेतला.

तू किती सहज सांगितलंस. "बाबा, आज पोरांना सोलानी नदीत उतरवलं, पाण्याचा वेग मोजायचं करंट मीटर धरायला शिकवलं. गुडघाभरच तर पाणी होतं." त्यापुढचं मला काही ऐकूच आलं नाही. गुडघाभर म्हणजे कुणाच्या गुडघ्याएवढं? तळाला वाळू होती की गाळ? ती नदी शिवालिकातून येते. वर पाऊस पडला तर खाली तुमच्या डोक्यावर ऊन असतं आणि पाणी मात्र येऊन ठेपलेलं असतं. असो. याविषयी लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो.

तुला रुरकीला सोडायला आलो होतो तेव्हा दादाने मला कालव्यावर फिरवून आणलं. 1854 साली सोडलेला गंगेचा कालवा, तोही नदीच्या डोक्यावरून नेलेला! आणि ते दगडी सिंह. मी तिथे अर्धा तास उभा राहिलो. दादाला वाटलं, मला चक्कर आली. चक्कर कसली, मी वेग बघत होतो. एक चिपाड वाहत चाललं होतं, त्याच्याबरोबर काठाने चालून बघितलं तर मला मागे टाकून गेलं. त्या पायऱ्यांवर पोरं अंघोळी करतात. तू सकाळी तिकडे फिरायला जातेस का? जात असशील तर वरून चालत जा, पायऱ्या उतरू नकोस.

तुझ्या विभागाच्या पाटीवर 1972 वाचलं आणि गंमत वाटली. युनेस्कोच्या मदतीने रुरकीत जलविज्ञान शिकवायला सुरुवात झाली त्या वर्षी मी बारा वर्षांचा होतो आणि आप्पांबरोबर पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होतो. दुपारी सुकडी मिळायची. तिची चव अजून जिभेवर आहे, आणि चांगली आहे, हे आईला सांगितलं की ती चिडते. त्या कोरड्या खड्ड्यात पाणी साठणार यावर आमच्यातल्या एकाचाही विश्वास नव्हता. आता माझी मुलगी आफ्रिका-आशियातून आलेल्या इंजिनिअरांना पाणी शिकवते. हे मी कट्ट्यावर इतक्यांदा सांगितलंय की पाटील आता उठून जातात.

एक सुचवतो, राग मानू नकोस. तू म्हणालीस, पावसावरून नदीचं पाणी काढायचं ते इंग्लिसचं सूत्र एका तासात उरकते, आता कुणी वापरत नाही. नसतील वापरत. पण उरकू नकोस. 1929 साली इंग्लिस आणि डिसूझांनी ते मुंबई इलाख्यातल्या नद्यांवरून बसवलं, घाटाला एक आणि पठाराला वेगळं. पठाराचं घालून बघ: वर्षाला 50 सेंटिमीटर पाऊस पडला तर नदीला जेमतेम 6.3 येतात, आणि पाऊस 17.8 वर थांबला तर शून्य. आपल्या गावाची सगळी गोष्ट त्या एका ओळीत आहे. आणि ती ओळ 53 ठिकाणच्या मोजणीवरून आली. त्या 53 ठिकाणी कुणीतरी पाण्यात उभं होतं, त्यांची नावं कुठल्या पुस्तकात नाहीत. पोरांना हे सांग. पर्जन्यमापकही रोज साडेआठला त्यांनाच वाचायला लाव. पाऊस नसला तरी जायचं आणि शून्य लिहायचं. शून्य लिहायला जातो तोच खरा

बघ, लागलो शिकवायला. प्राध्यापक तू आहेस. माफ कर.

शंकरचं तुला जेवढं माहीत आहे तेवढं पुरे, असं मी आजवर म्हणत आलो. तू बालवाडीत होतीस. पूर उतरत होता. तासातासाला गेज, म्हणजे नदीतल्या पट्ट्यांवरची पाण्याची पातळी, वाचायचं होतं, आणि पूर उतरताना खालच्या पट्ट्या गाळाने माखून निघतात, आकडे दिसत नाहीत. चार वाजता शंकरने काठावरून अंदाजाने आकडा सांगितला. मी म्हटलं, अंदाज नको, पट्टी पुसून वाच. तो हसला आणि चप्पल काढून उतरला. ती चप्पल त्याने एकावर एक नीट ठेवली होती. गुडघाभरच पाणी होतं, मनू. पाण्याने नाही नेलं त्याला, आधी गाळाने पाडलं. दोरी आमच्याकडे होती. खोलीत खुंटीला.

तिसऱ्या दिवशी बंधाऱ्याखाली सापडला, हे तुला ठाऊक आहे. त्याच्या घरी दिवाळीला आपण का जायचो, तेही. ठाऊक नाही ते हे की चारचा आकडा वहीत आहे. रात्री मी भरला. तीनचा घेतला, पाचचा घेतला आणि मधला लिहिला. पाचचं वाचन मात्र खरं आहे, ते मी स्वतः घेतलं. का घेतलं, मला आजही सांगता येत नाही. तो चारचा आकडा इतका बरोबर बसतो की आलेख काढलास तरी तुला संशय यायचा नाही.

म्हणून रविवारी फोन आपटला.

उतरू नकोस असं लिहिणार होतो. तीन वेळा लिहून खोडलंय, खाली दिसत असेल. तू उतरणार. मी तुझ्या जागी असतो तर मीही उतरलो असतो, काठावरून कुणाला करंट मीटर शिकवता येत नाही. त्या कपांची टिकटिक कानात मोजताना पायाला पाणी लागायलाच हवं. पण दोरी बांध. जॅकेट घाला सगळ्यांनी, तू आधी. आणि एका पोराला काठावर उभं कर, वही-पेन न देता. त्याने काही मोजायचं नाही, काही लिहायचं नाही. फक्त नदीच्या वरच्या अंगाला बघत राहायचं.

आत्याचा गुडघा बरा आहे, काठी टाकली. आईने शेंगदाण्याची चटणी पाठवली आहे, अर्धी मेसमधल्या त्या मुलीला दे. कालवा दसऱ्याला बंद करतात म्हणे, तेव्हा तळाचा फोटो काढून पाठव.

तुझे,
बाबा

ता. क. गुडघाभर म्हणजे किती, ते सेंटिमीटरमध्ये कळव.