जिम्नीला लिफ्ट किट बसवणाऱ्यांसाठी

मंडळी, पावसाळ्याआधी मारुती जिम्नीला दोन इंची लिफ्ट (गाडी दोन इंच उंच करणारं सस्पेन्शन किट) बसवणाऱ्यांनी एवढं वाचा. स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर बदलले की काम झालं, असं नाही. गाडी उचलली की पॅनहार्ड रॉडमुळे (ॲक्सलला चॅसिसशी जोडणारा आडवा दांडा) ॲक्सल एका बाजूला सरकतो; लांबी कमी-जास्त करता येणारा ॲडजस्टेबल रॉड घ्याच. चाकं लोंबकळत असताना ब्रेक होज (ब्रेक ऑइलची लवचिक नळी) ताणला जातोय का, हे स्वतः वाकून बघा. मेकॅनिकच्या ‘होऊन जाईल साहेब’वर जाऊ नका. सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना पक्के आवळायचे नाहीत. चाकं टेकून गाडीचं वजन आल्यावरच टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळायचा पाना) लावा, नाहीतर बुश पिळले जाऊन लवकर फाटतात. चाकांचं अलाइनमेंट, हेडलाइटचा झोतही तपासा.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ गाडीतल्या बदलांना लागू होतं. आरटीओ आणि विमा कंपनीला आधी विचारा, किट नंतर मागवा.