बचावाला धावलेल्या होडीला जबाबाचा फेरा नको

समुद्रात बुडणाऱ्यांना वाचवणाऱ्या स्वयंसेवी संस्थांविषयीचा लेख (रविवार पुरवणी) वाचला. ब्रिटनमध्ये १८२४ पासून चालत आलेली ‘रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन’ ही देणग्यांवर उभी असलेली संस्था सरकारी तटरक्षक यंत्रणेचा निरोप येताच लाइफबोट पाण्यात उतरवते. कळवायचे कोणी आणि निघायचे कोणी, हे तिथे ठरलेले आहे. मुंबईत तटरक्षक दलाचे सागरी बचाव समन्वय केंद्र आहे, मदतीसाठी १५५४ हा क्रमांक आहे. पण संकटात सापडलेल्यांच्या सर्वांत जवळ अनेकदा कोळ्यांचीच होडी असते आणि तिची मदत गृहीत धरली जाते.

वर्सोव्याच्या खाडीच्या तोंडाशी उलटलेल्या होडीतील दोघांना माझ्या धाकट्या भावाने वर ओढून घेतले, तेव्हा वेळ जाऊ नये म्हणून त्याने पाण्यातली जाळी कापून सोडली होती. धक्क्यावर परतल्यावर ओल्या कपड्यांतच त्याला तीन तास जबाबासाठी बसवून ठेवण्यात आले, पुढे आणखी दोनदा बोलावणे आले. जाळ्याचे पैसे आम्ही मागितले नाहीत. पण पुढच्या वेळी खलाशी कचरतील, ही भीती मनातून जात नाही.

रस्ता अपघातात मदत करणाऱ्याला संरक्षण देणारे कलम १३४-अ मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आले. तसेच संरक्षण सरकारने समुद्रात मदतीला धावणाऱ्यांना द्यावे आणि डिझेल व जाळ्यांची भरपाई मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत मिळण्याची सोय करावी.

– एक वाचक, वर्सोवा, मुंबई