क्रियापद येईपर्यंत थांबणाऱ्या सिस्टरना

आदरणीय सिस्टर,

नाव कुठंही लिहायचं नाही, असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. वसईच्या आहात आणि बरीच वर्षं इटलीतल्या तोरिनोत, म्हणजे ट्युरिनमध्ये, राहता, एवढंच सांगते. आभार मानू नकोस असंही कदाचित म्हणाला असतात, पण ते मी ऐकलं नसतं. आभार आजच मानायचेत, आणि चारचौघांसमोर मानायचेत.

आधी मनात साचलेलं बोलून टाकते. इटलीला येण्यापूर्वी मी पुण्यात एका क्लासला चांगली घसघशीत फी भरून जात होते. पहिल्याच आठवड्यात हातात झेरॉक्सचा गठ्ठा पडला: सात मोदो (क्रियापदाचे अर्थ), त्यांचे मिळून एकवीस तेंपो (काळ), बहुतेकांत सहा-सहा रूपं, आणि हे सगळं आरे, एरे, इरे अशा तीन शेवटांच्या क्रियापदांसाठी वेगवेगळं. अपवाद निराळे. पाढ्यांसारखं घोका, म्हणाले. 'असणे'ची भूतकाळी रूपं 'फूई, फोस्ती, फू' मी झोपेतसुद्धा म्हणून दाखवलं असतं. हा काळ कुणाशी बोलताना वापरायचा, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: परीक्षेत येतो. इथं आल्यावर कळलं की तोरिनोत रोजच्या बोलण्यात तो पास्सातो रेमोतो, म्हणजे दूरचा भूतकाळ, जवळजवळ कुणी वापरतच नाही. गोष्ट सकाळची असो की वीस वर्षांपूर्वीची, पास्सातो प्रोस्सिमोवर, म्हणजे जवळच्या भूतकाळावर, भागतं. सिसिलीत तो अजून लोकांच्या तोंडी आहे, आणि पुस्तकांत सगळीकडेच. दुकानात पाऊल टाकल्याबरोबर लागणारं 'वोर्रेइ', नम्रपणे 'मला हवं होतं', मात्र त्या गठ्ठ्याच्या शेवटच्या पानांवर होतं. तिथवर आमचा वर्ग पोचलाच नाही. इतक्या लोकांचे पैसे आणि उमेद घेऊन असं शिकवणाऱ्यांचा मला आजही राग येतो.

तोरिनोत आल्यावर भेटलेली शिकवणी दुसऱ्या तऱ्हेची. मी वाक्य सुरू केलं की बाई ते पूर्ण करायच्या. 'मी गेले' म्हणायला मी 'सोनो' म्हटलं की त्यांनी 'आंदाता' जोडलंच. त्यांचा हेतू वाईट नसेल. पण महिनोन् महिने माझं एकही क्रियापद माझ्या तोंडून बाहेर पडलं नाही. घरी यजमान तेच करायचे, दवाखान्यातल्या खिडकीवरची मुलगी तेच करायची. सगळ्यांना घाई.

ज्याला नुसता स्वार्थ येतो, म्हणजे सरळ विधान करणारी क्रियापदं तेवढी येतात, त्याचं काय होतं हे घरी बसून कळत नाही. 'मला हवंय', 'तुम्ही दिलं नाही', 'हे बरोबर नाही', एवढंच बोलता येतं. मराठीत मी 'जरा सांगाल का', 'मिळालं असतं तर बरं झालं असतं', 'तुम्हाला जमलं तर' अशी बोलणारी बाई. आईनं तसं वळण लावलंय. इटालियनमध्ये मी 'वोल्यो', सरळ 'मला हवंय', म्हणायची आणि समोरच्याच्या कपाळाला आठी पडायची. माझं शिक्षण, माझा स्वभाव, घरचे संस्कार, सगळं दाराबाहेर राहिल्यासारखं वाटायचं. ते दुःख तुम्ही ओळखलंत, सिस्टर. इतर सगळ्यांना माझ्यात फक्त शब्दांची कमतरता दिसली होती.

कॉन्व्हेंटच्या पाहुण्यांच्या खोलीत तुम्ही तो गठ्ठा माझ्या हातातून घेतलात, बाजूला ठेवलात आणि विचारलंत, "शाळेतले क्रियापदाचे अर्थ आठवतात का गं?" मी म्हणाले, "स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ." तुम्ही हसलात. "मग अर्धं काम झालंय," म्हणालात. इतकी वर्षं ते चार शब्द डोक्यात नुसते पडून होते, आणि इटालियनच्या दाराशी त्यांचा उपयोग होईल असं मला कुणीच सांगितलं नव्हतं.

मग एकेक वाक्य. 'आठ वाजले असतील' म्हणताना आपण मराठीत भविष्यकाळ अंदाजासाठी वापरतो. 'सारान्नो ले ओत्तो' तसंच. 'लहानपणी आजोळी जायचे' हे आंदावो, आणि 'काल गेले' हे सोनो आंदाता. आपल्या 'गेले'ला बोलणारी बाई आहे हे कळतं, तसं आंदातालाही कळतं. 'भाकरी खाल्ली' यातलं क्रियापद भाकरीकडे बघतं, इटालियनचं 'ऑ मांजातो' बघत नाही. पण भाकरीच्या जागी सर्वनाम आलं आणि ते आधी बसलं, की लगेच 'लॉ मांजाता'. हे ऐकल्यावर मी खुर्चीतून उठलेच होते, आठवतंय? 'त्यानं यावं असं मला वाटतं' याच्या जागी तुम्ही 'वोल्यो के वेंगा' ठेवलंत, आणि ज्या कोंज्युन्तीवोला, म्हणजे इच्छा किंवा शंका दाखवणाऱ्या रूपाला, मी इतकी वर्षं भीत होते, तो आमच्या विध्यर्थाच्या शेजारी राहणारा निघाला.

जिथं जुळत नाही तिथं "इथं मराठी सोड" असंही स्पष्ट सांगायचात. 'मला वाटतं तो आजारी आहे' यात आपण साधं 'आहे' म्हणतो, त्यांना मात्र 'क्रेदो के सीआ मालातो' लागतं, कारण वाटणं म्हणजे ठाऊक असणं नव्हे. संकेतार्थात तर आपण दोन्हीकडे एकाच घडणीचं रूप वापरतो: वेळ असता तर आले असते. त्यांच्याकडे अटीला कोंज्युन्तीवो, परिणामाला कोंदित्सियोनाले: 'से आवेस्सी तेंपो, वेर्रेइ'. आणि अनोळखी माणसाला नम्रपणे काही करायला सांगायचं, तर आज्ञार्थातसुद्धा कोंज्युन्तीवोकडून रूप उसनं घ्यावं लागतं. 'माफ कर' म्हणायला मैत्रिणीला 'स्कूझा', दुकानदाराला 'स्कूझी'. 'घे' म्हणायला मैत्रिणीला 'प्रेंदी', डॉक्टरांना 'प्रेंदा'. आरेवाल्यांचा आ आणि एरेवाल्यांचा इ एकमेकांच्या जागी जाऊन बसतात. त्या तक्त्यात हे होतंच. पण ही माणसाशी नीट वागण्याची रीत आहे, असं सांगणाऱ्या पहिल्या तुम्ही.

एवढं सगळं शिकवलंत, तरी मी हे पत्र लिहितेय ते शाळेतल्या एका मिनिटासाठी.

मुलीला वर्षअखेरच्या कार्यक्रमातून वगळलं होतं आणि आम्हाला ते तिच्या रडण्यातून कळलं. बाईंना भेटायला जायचं होतं. मी तुम्हाला गळ घातली, सोबत या म्हणून. मनात होतं की तुम्ही बोलाल आणि मी मान हलवेन. तुमचं इटालियन किती सुरेख आहे ते सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही बोलला असतात तर दोन मिनिटांत काम झालं असतं.

मी सुरुवात केली. "आव्रेइ वोलूतो के मे लो..." आणि पुढं काही येईना. 'सांगणं'चं रूप हवं होतं, कोंज्युन्तीवोच्या भूतकाळातलं, आणि दीरेचं ते सरळ बनत नाही, लॅटिनमधल्या मूळ धातूचा च त्यात परत येतो. खोलीत शांतता. बाईंनी माझ्यावरची नजर काढून तुमच्याकडे बघितलं, सगळे बघतात तसं, म्हणजे आता तुम्हीच सांगा. आणि सिस्टर, तुम्ही त्यांच्याकडे बघितलंच नाहीत. तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. ओठ हलवले नाहीत, मान डोलावली नाहीत, पहिलं अक्षर पुटपुटलं नाहीत. हे वाक्य माझं आहे आणि ते मीच पुरं करणार, याबद्दल खोलीत एका माणसाला जराही शंका नव्हती, आणि ती मी नव्हते, तुम्ही होतात. तुम्ही नजर वळवली नाहीत म्हणून बाईंनाही पुन्हा माझ्याकडेच वळावं लागलं.

"...दिचेस्से प्रीमा."

तुम्ही मला हे आधी सांगितलं असतंत तर बरं वाटलं असतं. मला जे म्हणायचं होतं ते तसंच्या तसं, आवाज न चढवता, कुणाचा अपमान न करता. बाई क्षणभर गप्प झाल्या आणि म्हणाल्या, "आ राजोने. आव्रेइ दोवूतो." तुमचं बरोबर आहे, मी सांगायला हवं होतं. मी ज्या कोंदित्सियोनाले पास्सातोतून बोलले त्यातूनच त्यांनी उत्तर दिलं. मला वाटतं, त्या दिवशी या गावात पहिल्यांदा कुणी माझ्याशी बरोबरीनं बोललं. मुलीचं पुढं काय ठरलं ते तुम्हाला ठाऊकच आहे, इथं त्याचा पाढा वाचत नाही.

त्यानंतर मी माणसं वेगळ्या नजरेनं बघायला लागले. पोर्ता पालात्सोच्या बाजारात एक म्हातारा भाजीवाला आहे. गर्दी कितीही असो, परदेशी बाई शब्द शोधत असली की तो हातातली पिशवी तशीच धरून उभा राहतो, मागच्या गिऱ्हाईकाला हातानंच थांबवतो. आमच्या इमारतीतल्या आजी मी बोलते तेव्हा स्वतःचं बोलणं बंद ठेवतात आणि मग उत्तरात माझंच क्रियापद बरोबर करून सहज परत देतात, चूक दाखवल्याचा मागमूसही न ठेवता. अशी माणसं आधीही असतील, माझं लक्ष नव्हतं. परक्या भाषेत चाचपडणाऱ्याला वेळ देणं यात पैसा लागत नाही, पदवी लागत नाही, आणि तरीही ते किती कमी लोक करतात! भरपूर फी घेणारे करत नाहीत, जवळचे करत नाहीत. तुम्ही मात्र माझी जात, धर्म, नवऱ्याची नोकरी, काहीही न विचारता ते केलंत. फीचं नाव काढलं तेव्हा रागावलात.

कुणी म्हणेल, क्रियापदांसाठी एवढं काय. इटलीच्या नागरिकत्वासाठी 2018 पासून इटालियनचा बी-वन, म्हणजे मधल्या पातळीचा, दाखला लागतो, तोही मी कधीतरी मिळवीन, आणि त्या दिवशी तुम्हाला कळवीनही. पण दाखल्याची परीक्षा घेणाऱ्यांना ते एक मिनिट माहीत असणार नाही, म्हणून इथं लिहून ठेवलं.

तुमची बदली झाल्याचं कळलं. पुढच्या शनिवारी सामान बांधायला आम्ही दोघं सकाळीच येतोय. पुस्तकांची खोकी यजमान उचलतील, तुम्ही हात लावायचा नाही. जेवण मी आणेन: ज्वारीचं पीठ नाशिकहून आलंय, भाकऱ्या करीन, आणि तुम्हाला आवडतो तसा ठेचा, तिखट कमी न करता. नाही म्हणू नका.

तुमची,
तोरिनोतली विद्यार्थिनी