सूचना: तळ्याकाठचा प्लॉट पाहायला जाणाऱ्या सभासदांसाठी

पाहणी भर उन्हाळ्यात ठरवू नका. पाणी ओसरलेलं असतं, काठ ऐसपैस दिसतो आणि उघडी पडलेली ती पट्टी बहुतेकदा विकणाऱ्याच्या मालकीची नसतेच. पावसाळा संपता संपता जा. झाडांच्या बुंध्यांवरची वाळलेल्या गाळाची रेघ आणि कुंपणात अडकलेला काडीकचरा नीट बघा; पाणी तिथवर चढतं. घराचा चौथरा त्याहून वर हवा.

सर्वाधिक फसगत सेप्टिक टँकच्या बाबतीत होते. काठाजवळ भूजल उथळ असतं, त्यामुळे शोषखड्डा (टँकमधलं पाणी जमिनीत मुरवणारा खड्डा) तुंबतो आणि सांडपाणी तळ्यात झिरपतं. म्हणून इसार देण्याआधी, जमीन ओली असतानाच चाचणीसाठी एक खड्डा खणा. एकदा पाणी ओतून माती भिजू द्या, मग पुन्हा भरून तासाभरात पातळी किती उतरते ते मोजा. खणतानाच पाणी लागलं, तर तिथे शोषखड्डा चालणार नाही.

रस्त्याचा हक्क खरेदीखतात लिहिलेला हवा, नुसत्या पायवाटेवर विसंबू नका.

बोटीचा धक्का जवळ असणं छानच, पण सुट्टीच्या दिवशी जाऊन गर्दी आणि गाड्या कुठे लागतात ते पाहा. पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखा तवंग दिसला तर पोहू नका, कुत्र्यालाही पाण्यात सोडू नका. ते शेवाळ विषारी असू शकतं.