घरमालकीण ‘पॉइश’ म्हणाली म्हणजे काय?

प्रिय नंद्या,

इकडे सगळे ठीक. बाबांचा गुडघा आहे तसाच. पत्राला उशीर झाला, शिव्या भेटल्यावर दे.

‘बाई फोनवर पॉइश, पॉइश म्हणाली, म्हणजे भाडं कमी झालं’ हा तुझा निरोप वाचला आणि लगेच लिहायला घेतलं. अरे, काहीही ठरलेलं नाही! लिस्बनच्या पोर्तुगीजमध्ये नुसतं ‘पॉइश’ म्हणजे ‘हं, ऐकतेय’. फार तर ‘तुझंही खरंच’. गण्याच्या ‘बघू’ला होकार समजून तू पानशेतची गाडी ठरवली होतीस, आठवतंय? आगाऊ रक्कम माझी बुडाली. अजून देणं आहेस.

होकार हवा तर क्रियापदाने विचार. आपण ‘येतोस?’ला ‘येतो’ म्हणतो तसंच पोर्तुगीज माणूस क्रियापदच परत करतो. ‘असैता?’ म्हणजे मान्य आहे का. त्यावर ‘असैतु’ आलं तरच मान्य. शेवटी ‘कोंबिनादु’, म्हणजे ठरलं, हेही वदवून घे. मग लगेच मेसेज टाक: भाडं किती, कुठल्या महिन्यापासून, वीज-पाणी धरून की वेगळं. तिचं उत्तर आल्याशिवाय एक युरो पाठवू नकोस.

आणि तुझं ते ब्राझिली पोर्तुगीज शिकवणारं अ‍ॅप! ब्राझीलमध्ये ‘पोइस नांउ’ (आपल्या ‘पॉइश’चाच तिकडचा उच्चार, पुढे ‘नांउ’ म्हणजे नाही) म्हणजे ‘हो, जरूर’. दुकानदारही ‘बोला, काय हवं?’ म्हणून तेच म्हणतो. लिस्बनला ते नकाराला दुजोरा देतं. बाई म्हणाली, ‘वीज भाड्यात नाही’, आणि तू अदबीने ‘पॉइश नांउ’ म्हणालास, की ‘नाहीच मुळी’ असं कबूल केलंस. तेच प्रश्नाच्या सुरात वाक्याच्या शेवटी आलं तर ‘नाही ना?’. ‘पॉइश सिं’ ऐकून तर मुळीच हुरळू नकोस. दिसायला दुप्पट होकार, पण सूर टोमण्याचा असतो: ‘हो तर, बस वाट बघत!’ ‘पॉइश ए’ मात्र निरुपद्रवी, ‘तसंच आहे बघ’ म्हणत सोडलेला उसासा. भाड्याचा विषय निघाला की तोच ऐकशील. लेखी मजकुरात ‘पॉइश’ ‘कारण’ या अर्थानेही येतो. करारनाम्यात दिसला तर दचकू नकोस.

नोकरी बरी आहे ना? वहिनी कधी येतेय? तिला माझा नमस्कार सांग. बाईला पुन्हा फोन करायच्या आधी मला एक कर, वाक्यं घोटून घेऊ.

तुझा,
विन्या