झोपायची उंची

ती. आई, ती. बाबा,
सा. नमस्कार.

लडाखची तिकिटं काढली. आधी विचारलं असतं तर बाबा "बघू" म्हणाले असते, आणि तुमचं 'बघू' म्हणजे काय ते आपल्या घरात सगळ्यांना माहीत आहे. जुलैत तिकडे रस्ते उघडे असतात आणि आपल्याकडे नाशकात दुतोंड्या मारुती गोदेच्या पाण्यात असतो, म्हणून जुलै.

बाबा, तुम्हाला न आवडणारी गोष्ट आधीच सांगून टाकते. पँगाँग तळ्याच्या काठावरची तंबूतली रात्र मी काढून टाकली आहे. तुम्ही ते चित्र किती वर्षं कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय, ते मला ठाऊक आहे. पण लेह साडेतीन हजार मीटरवर आणि ते तळं सव्वाचार हजारांवर. तीन हजारांच्या वर गेलं की झोपायची जागा एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त चढवू नये, असा साधा नियम आहे. दिवसा जरा वर जाऊन आलं तर शरीर निभावून नेतं. झोपेत श्वास मंदावतो, रक्तातला ऑक्सिजन आणखी उतरतो आणि सकाळी डोकं ठणकत उठतं. यात वयाचा संबंध नाही, धडधाकट पोरंही आडवी होतात. माझ्या ओवीसाठीही मला तिथला मुक्काम नकोच होता.

नुब्रा खोरं मात्र नक्की. खारदुंग ला ही खिंड ओलांडावी लागते, पण हुंडर सुमारे एकतीसशे मीटरवर, म्हणजे लेहच्याही खाली आहे. वाळूच्या टेकड्या आणि दोन वशिंडांचे उंट तिथेच. खिंडीत दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, धावायचं नाही, जिना चढून देवळात जायचं नाही. तिथल्या पाटीवर वर्षानुवर्षं 18,380 फूट असायचं. खरी उंची 17,600 च्या आसपास आहे. सोसायटीत खरा आकडा सांगा, तोही पुरेसा आहे.

"विमानाने थेट लेह का नाही, टॅक्सीत पैसे कशाला घालवतेस?" हे तुम्ही विचारणारच. नाशिक जेमतेम सहाशे मीटर. सकाळी निघून दुपारी साडेतीन हजारांवर उतरायचं, जिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशच असतो, ते मला नको. म्हणून ओझरहून दिल्ली, तिथून श्रीनगर. श्रीनगर साधारण कळसूबाईच्या माथ्याएवढंच उंच, तिथे दोन रात्री. मग झोजी ला ओलांडून द्रासमार्गे कारगिल, सुमारे सत्तावीसशे मीटर. मग फोतू ला ही खिंड उतरून उलेटोक्पो, सिंधूच्या काठी, तीन हजारांच्या थोडं वर. आपलं कॅम्पिंग इथेच. लेह त्यानंतर, आणि लेहमधला पहिला दिवस रिकामा. रिकामा म्हणजे रिकामा, बाबा. बाजार नाही, शांतिस्तूपाच्या पायऱ्या नाहीत.

आई, तंबू म्हणजे जमिनीवर सतरंजी नाही. पक्क्या ओट्यावर उभारलेले तंबू आहेत, आत खाट, जाड रजई, मागे कमोड आणि बादलीत गरम पाणी. गुडघ्यांचं विचारूनच घेतलंय. आल्ची तिथून जवळ, आणि तिथला मठ डोंगरावर नाही, सपाटीला आहे. आतली भित्तिचित्रं आठ-नऊशे वर्षांची आहेत. आत अंधार असतो, फ्लॅश मारू देत नाहीत, म्हणून नजर सरावेपर्यंत दोन मिनिटं नुसती उभी राहा.

शेजारी मी आणि ओवी आमचा छोटा तंबू लावू. बाबा, तुम्ही मदतीला येणारच, तर ऐका. गोट्यांच्या जमिनीत खुंट्या धरत नाहीत. प्रत्येक दोरी मोठ्या दगडाला बांधायची आणि त्यावर दुसरा दगड ठेवायचा. दुपारनंतर दरीत वारा उठतो, म्हणून दार वाऱ्याच्या उलट बाजूला. कोरडा नाला सपाट दिसला तरी तिथे तंबू नाही: दुपारी बर्फ वितळून पाणी वाढतं, आणि 2010 च्या ऑगस्टमध्ये लेहला ढगफुटी झाली तेव्हा लोंढे अशाच नाल्यांतून आले. वरची झडप रात्रीही उघडी, नाहीतर श्वासाची वाफ कापडावर जमून पहाटे अंगावर ठिबकते. शेगडी तंबूत कधीच नाही.

लेहच्या उंचीवर पाणी अठ्ठ्याऐंशी अंशांनाच उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजतच नाही, म्हणून छोटा कुकर आणि मूगडाळ. आई, तुझा चहा तिथे तुला आवडणार नाही, जास्त उकळव. चिवड्याच्या सीलबंद पाकिटांना आधीच टाचणीने भोक पाड, वर गेल्यावर ती उशीसारखी फुगतात आणि सामानात फुटतात. आषाढी प्रवासात आली तर उपास नाही. विठोबा समजून घेईल, मी नाही. गाडीत बसूनही दिवसाला तीन लिटर पाणी, थोडं थोडं करून. ओठांना तूप लाव, लहानपणी माझ्या लावायचीस तसंच.

आता डॉक्टरांकडे. या आठवड्यातच. उंचीच्या त्रासावरची गोळी, डायमॉक्स, घ्यायची का, किती, आणि बाबांच्या बीपीच्या गोळीबरोबर चालते का, हे तेच ठरवतील. मेडिकलवाल्याला विचारून आणायची नाही. आई, तुला सल्फाच्या गोळीने पुरळ आलं होतं, ते आठवणीने सांग. या गोळीने लघवीला वारंवार होतं आणि बोटांना मुंग्या येतात, घाबरू नका. बीपीची गोळी एक दिवसही चुकवायची नाही. सगळी औषधं हातातल्या पिशवीत, चेक-इनमध्ये नाहीत. ऑक्सिमीटर मी आणते. बोटं गार असली किंवा नेलपेंट असलं की तो चुकीचं दाखवतो, म्हणून आधी हात चोळायचे.

डोकं दुखलं, मळमळलं, जेवण नको झालं तर लगेच मला सांगायचं. "झोपलं की बरं वाटेल" हे चालणार नाही, मोठ्या मावशीच्या वेळी काय झालं ते विसरू नका. बसल्या जागी धाप लागली किंवा चालताना तोल गेला तर रात्र असली तरी आपण खाली उतरणार. हॉटेलचे पैसे बुडतील, बुडू देत.

बूट आजच घ्या, घोट्याच्या वर येणारे, अर्धा नंबर मोठे, आणि जाड मोजे घालूनच मापा. ते घालून रोज संध्याकाळी कृषीनगरच्या ट्रॅकवर चाला. उंचीच्या त्रासावर चालण्याचा उपयोग नाही, पण गुडघ्यांवर आहे. लडाखमध्ये बाहेरचं प्रीपेड सिम चालत नाही, बाबांचं पोस्टपेड करून घ्या. नुब्राच्या कागदपत्रांसाठी दोघांच्या आधारचे फोटो रविवारपर्यंत पाठवा, आणि बाबांचे अस्पष्ट येतात, तेव्हा आई, तू काढ.

तुमची,
धाकटी